न दिलेला पासवर्ड

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला टाकशील, अशी भीती आहे. तरी लिहितेय. फोन तू उचलत नाहीस. ईमेल केली असती, पण तुमच्या कवळ्यांच्या लॅबचा तो एकुलता एक ईमेल पत्ता म्हणजे धर्मशाळा आहे. तू उघडतोस, वहिनी उघडते, डॉक्टरांकडे कवळ्या पोचवणारे काका उघडतात. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे त्याच पत्त्यावरून दातांच्या डॉक्टरांना गेला होता आणि ‘यात दात कुठे आहेत?’ असं त्यांनी उलट विचारलं होतं, ते आठवतं ना? तेव्हा तू पोट धरून हसला होतास. म्हणून मी आपला कागद घेतला आणि पाकिटाला भरपूर डिंक लावला.

तू माझ्याशी बोलणं टाकलंस त्याला आता अख्खा उन्हाळा उलटला. कारण एकच. आमच्या ऑफिसातून वहिनीच्या नावानं कुलूप लावलेली एक फाइल आली, तिचा पासवर्ड तू माझ्याकडे मागितलास, आणि मी दिला नाही. तुझी बाजू आईनं इतक्यांदा ऐकवली आहे की मला ती तोंडपाठ झाली. आता माझी ऐक. मध्येच उठून जाता येणार नाही असं लिहिलं पाहिजे खरं तर, पण पत्राला ती सोय नाही.

आमच्या ऑफिसात काय चालतं हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. कुणी विचारलं तर तू सांगतोस की धाकटी ‘कंप्युटरवर बसते’. मी कंप्युटरवर बसत नाही रे, खुर्चीवर बसते. आमच्याकडे लोक येतात ते धंदा काढायला, मोडायला, विकायला, भागीदारापासून वेगळं व्हायला. कुणाला कर्ज झेपत नाहीये आणि घरी अजून बोलायचं धाडस झालेलं नाही. कुणाला कारखाना मुलाच्या नाही, मुलीच्या हाती द्यायचा आहे. आमचे सल्लागार सर त्यांचं ऐकतात, सल्ला देतात, आणि तो सल्ला नंतर लेखी पाठवायचा असतो. तो नीट पोचवणं हे माझं काम. तुला हे टपाल टाकण्याइतकं सोपं वाटतं, हे मला ठाऊक आहे.

फार पूर्वी, मी नोकरीला लागण्याच्या आधी, ऑफिसात एक घोळ झाला होता. पत्त्याची पहिली दोन अक्षरं टाइप केली की कंप्युटर बाकीचं स्वतःच भरतो ना, तसा त्यानं भरला, आणि एका भागीदाराला पाठवायचा कागद थेट दुसऱ्या भागीदाराकडे गेला. तीस वर्षांची मैत्री त्या एका बोटाच्या टिचकीनं संपली. तेव्हापासून सरांनी एक पद्धत घालून दिली आहे. पाठवायच्या आधी पत्ता एकानं मोठ्यानं वाचायचा, अक्षर अन् अक्षर सुटं करून, आणि दुसऱ्यानं ग्राहकानं पहिल्या दिवशी भरून दिलेल्या कागदावरून ताडून बघायचा. दुपारी आमच्या ऑफिसात बाहेरचा कुणी आला तर त्याला वाटतं बालवाडी भरली आहे. नवीन लागलेली माणसं आधी लाजतात. मग त्यांनाही सवय होते. मी तर आता बाजारातून आणायच्या वस्तूही तशाच वाचते.

फाइलला कुलूप घालायचं, आणि पासवर्ड मात्र मेलमध्ये लिहायचा नाही. त्याच मेलमध्ये नाही, मागाहून पाठवलेल्या मेलमध्येही नाही. कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत घालून दारात ठेवण्यात काय अर्थ आहे? तो फोनवर सांगायचा, ग्राहकानं स्वतः दिलेल्या नंबरावर आणि त्याचा आवाज ऐकून. नवरा म्हणाला ‘मलाच सांगा’, मुलगा म्हणाला ‘बाबा अंघोळीला गेलेत’, तरी नाही. लोक चिडतात. एक घाऊक व्यापारी तर ओरडले होते की माझाच कागद मला बघायला तुमची परवानगी लागते का. मी म्हटलं, काका, तुमच्या नावानं उद्या दुसरं कुणी ओरडलं तर मी त्यालाही असंच उभं करणार आहे, तेव्हा तुम्हाला बरं वाटेल. ते हसले. नंतर त्यांनी त्यांच्या मुलाला आमच्याकडे पाठवलं.

आता वहिनीचं. ती आली तेव्हा मी पुढच्या टेबलावर होते. मला बघून तिचा चेहरा उतरला. दारातूनच मागे फिरेल असं वाटलं. मी तिला बसवलं, पाणी दिलं. मी काही विचारलं नाही, आणि ती सरांच्या खोलीत गेली. तिच्या नखांत तुमच्या लॅबचं गुलाबी मेण होतं. म्हणजे काम अर्धं टाकून आली होती. वहिनी काम अर्धं टाकत नाही, हे तुझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत? एकेका दाताची रंगछटा खिडकीशी नेऊन दहादा बघणारी बाई ती. डॉक्टर कवळ्या तुझ्या नावावर मागवतात, पण ‘मागच्यासारखाच हात लागू दे’ म्हणतात तो हात कुणाचा, हे त्यांनाही कळतं.

आणि मग तिनं तो कागद भरताना चूक केली. ईमेलच्या रकान्यात तिनं लॅबचा पत्ता लिहिला. दुसरा पत्ता तिच्याकडे नव्हताच! लग्न होऊन आली तेव्हापासून बिलांवर, कवळ्यांच्या डब्यांवर, मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर, सगळीकडे तोच पत्ता. तो तिला स्वतःचा वाटला. आमच्याकडेही पत्ता मोठ्यानं वाचला गेला, ताडून बघितला गेला, अगदी बरोबर निघाला. बरोबर पत्त्यावर बरोबर फाइल गेली, आणि ती सगळ्यात आधी तुझ्याच डोळ्यांसमोर उघडली. म्हणजे उघडली नाही. कुलूप होतं. ते तेवढं कुलूप होतं म्हणून वहिनीची लाज राहिली. लाज म्हणजे तिनं काही लाजिरवाणं केलं होतं असं नाही. आपलं बोलणं आपण तयार होण्याआधी कुणी वाचू नये, एवढ्याच अर्थानं म्हणतेय.

तू आधी गमतीत घेतलंस. ती मेल मला पाठवून वर लिहिलंस, ‘हे तुझ्याच ऑफिसचं दिसतंय, जरा उघडून दे.’ जसं काही लोणच्याच्या बरणीचं झाकण. मी नाही म्हटल्यावर फोन केलास. मग आईला मध्ये घातलंस. आई म्हणाली, एवढी कसली ग सरकारी गुपितं, भाऊ आहे तो तुझा. मी म्हटलं, भाऊ आहे म्हणून तर शांतपणे नाही म्हणतेय, दुसरा असता तर फोन ठेवला असता. तिला ते उद्धट वाटलं. असेल. मग तू म्हणालास की सरांकडे तक्रार करीन. कर म्हटलं. कशाची करणार होतास रे? बहिणीनं काम नीट केलं याची?

तरी इथपर्यंत मी तुला समजून घेत होते. राग आला तो पुढच्या गोष्टीचा. तू लॅबच्या त्या पत्त्यावरून, वहिनीच्या नावानं, ऑफिसला मेल केलीस की पासवर्ड हरवला आहे, कृपया याच पत्त्यावर पाठवावा. दादा, तुला काय वाटलं, आम्ही दूधपिती बाळं आहोत? अशी मेल आली की तिला उत्तर द्यायचं नाही, ग्राहकाला फोन करून विचारायचं, हीच तर पद्धत. फोन गेला. वहिनी तुझ्या शेजारच्याच टेबलावर मेणाचा दात कोरत बसली होती. तिनं ऐकलं, ‘मी नाही मागितला’ म्हणाली, तुझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा दात कोरायला लागली. हे मला आईनं सांगितलं, आणि तेही माझाच दोष म्हणून. फोन करून तू भावाचा संसार उघड्यावर आणलास, असं म्हणाली. खोटी मेल लिहिणारा राहिला बाजूलाच.

त्यानंतर तुमच्या घरात काय शांतता होती, त्याची मला कल्पना आहे. वहिनी कामापुरतं बोलत होती, तू कामापुरतंही नाही. आणि माझ्याशी तर तू संबंधच तोडलास. भाचीच्या वाढदिवसाला मला बोलावणं नव्हतं. मी तिच्यासाठी फ्रॉक घेऊन खाली दारापर्यंत आले होते, वर दिवे दिसत होते, तिचा चिरका आवाज ऐकू येत होता. परत गेले. तो फ्रॉक अजून माझ्या कपाटात आहे, आणि भाची आता त्या मापाची राहिली नसेल. मला वाईट वाटलं, दादा. फार वाईट वाटलं. पण चुकलं असं एकदाही वाटलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच पोटात मावतात, हे मला या उन्हाळ्यात कळलं.

त्या वाढदिवसाच्या आधी तू ऑफिसात आला होतास तो दिवस मी विसरू शकत नाही. ग्राहकांच्या खुर्चीवर बसला होतास, बाह्या दुमडून, डोळे सुजलेले. मला वाटलं भांडायला आलास, म्हणून मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. पण तू भांडला नाहीस. हळू आवाजात म्हणालास, ‘फाइल नको. मला एवढंच सांग, ती जातेय का?’ सायकलवरून पडून गुडघा फुटला तरी न रडणारा माझा दादा, आणि त्याचा आवाज तसा. मी तुझा हात धरला असता. धरला नाही, कारण धरला असता तर तू माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी वाचायचा प्रयत्न केला असतास. मी म्हटलं, तिला विचार. तू उठून गेलास. तेव्हापासून नाही बोललास.

रागाच्या भरात एक सांगते. तुझ्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या बाईला विचारायची हिंमत नव्हती, म्हणून तू आधी शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बहिणीला विचारलंस, मग आईला, मग खोट्या नावानं एका कंप्युटरला. सगळ्यांना विचारून झालं, तीच राहिली. ती जाणार असेल तर तो सांगण्याचा हक्क तिचा, राहणार असेल तरी तिचाच. मी तुला गुपचूप सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? सगळं माहीत असून माहीत नसल्यासारखा वागला असतास, आणि ती तुझ्याशी बोलायची तयारी करत बसली असती, बिचारी. मी तुमच्या दोघांच्या मध्ये तसली चोरटी खिडकी पाडणार नव्हते. तू माझ्यावर आयुष्यभर रुसलास तरी नाही.

आणि समजा, उलट झालं असतं. तू आमच्याकडे आला असतास, डोक्यावर काही ओझं घेऊन, आणि वहिनीनं मला विचारलं असतं. ती मला आवडते. तुझ्याइतकीच आवडते, हे आता सांगायला हरकत नाही. तरी तिलाही मी दारातून परत पाठवलं असतं, आणि तू मनातल्या मनात म्हणाला असतास, धाकटी पक्की आहे. आहेच मी पक्की. फक्त ती तुझ्या बाजूनं असली की पक्की आणि विरुद्ध असली की भांडकुदळ, असं करू नकोस.

लहानपणी मी गाण्याची शिकवणी बुडवून पोहायला जात होते, ते तुला माहीत होतं. बाबांना माझे ओले केस दिसले आणि त्यांनी तुला उभं केलं. ‘माहीत नाही’ म्हणाला असतास तर सुटला असतास, बाबांनी विश्वासही ठेवला असता. तू म्हणालास, ‘माहीत आहे, पण सांगणार नाही.’ गाल लाल झाला होता तुझा. मी दाराआडून बघत होते. नंतर मी विचारलं की माहीत नाही असं का नाही म्हणालास, तर तू म्हणालास, मग ते उद्या पुन्हा विचारतील. तेव्हा मला ते पटलं नव्हतं. मला वाटलं होतं, किती मूर्ख आहे हा.

आता हे पत्र का, ते. काल आईचा फोन आला, आणि ती इतकी खुशीत होती की आधी मला वाटलं चुकून लागला. वहिनी तुझ्याशी आणि आईशी बोलली म्हणे, सगळं, स्वतःहून, जेवणाच्या टेबलावर. त्यात काय होतं ते आई सांगायला लागली, ‘अगं, तसलं काही नव्हतंच’ इथपर्यंत आली, आणि मी तिला थांबवलं. ते वहिनीचं आहे, तिला वाटलं तर ती मला सांगेल. आई म्हणाली, तू म्हणजे कमालच आहेस. मग तिनं खरी बातमी दिली. वहिनीनं तुम्हाला सांगितलं की त्या पहिल्या दिवशी, ती सरांच्या खोलीत शिरायच्या आधी, मीच आत जाऊन सरांना म्हटलं होतं की ही माझ्या भावाची बायको आहे, हिच्या कामाला मी हात लावणार नाही. फाइल दुसऱ्या बाईंनी केली, पासवर्ड त्यांनीच ठरवला आणि सांगितला, तो फोनही त्यांनीच केला. माझ्याकडे पासवर्ड कधी नव्हताच. हे सगळं खरं आहे. वहिनीनं ते सांगितलं ते मला वाचवण्यासाठी, तिचे आभार. आई म्हणाली, मग आधी का नाही बोललीस ग वेडे, तुझा काही दोषच नव्हता, दादाचा राग गेला, रविवारी जेवायला ये. दादा, ही माफी मला नको. तू त्या खुर्चीवर बसला होतास तेव्हा ‘माझ्याकडे नाही रे’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते म्हटलं असतं तर तू मला जवळ घेतलं असतंस, भाचीच्या वाढदिवसाला मी वर आले असते, हा उन्हाळा असा गेला नसता. मी ते गिळलं. कारण माझ्याकडे नाही म्हणून देत नाही, याचा अर्थ असता तर दिला असता. आणि मी दिला नसता. पासवर्ड माझ्या डोक्यात असता, फाइल माझ्या टेबलावर असती, तू तसाच डोळे सुजवून समोर बसला असतास, तरी दिला नसता. ज्या बहिणीला देता आला नाही तिला तू माफ केलं आहेस. ती मी नव्हे. जिला द्यायचाच नव्हता ती मी आहे, आणि रविवारी आले तर तीच येईन. तिला घरात घ्यायची तयारी असेल तर तू स्वतः फोन कर. आईला करायला लावू नकोस.

तुझीच,
धाकटी